ससे कापणं थांबवा: नर्सरीतल्या क्राफ्टच्या तासाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. नोकरीला जेमतेम वर्ष झालेल्या एका ताईंच्या नर्सरीत २२ मुलं आहेत, वय तीन ते साडेचार. दर शुक्रवारी ४० मिनिटांचा क्राफ्टचा तास. आदल्या दिवशी मोबाइलवर नमुना येतो: कधी ससा, कधी छत्री, कधी फुलपाखरू. मुलांना कापता येत नाही म्हणून ताई रात्री घरी बसून २२ ससे कापतात. मुलं त्यावर कापूस चिकटवतात आणि दहा मिनिटांत मोकळी होऊन वर्गभर पळतात. पालकांना फाइल नीटनेटकी हवी. साहित्याला महिन्याचे ५०० रुपये. त्यांनी विचारलंय की मुलांचं डोकं आणि हात दोन्ही चालतील असं काय घ्यावं, २२ जणांना सांभाळून कसं घ्यावं, आणि पालकांना काय सांगावं.

ताई, आधी रात्रीचं ससे कापणं थांबवा. बालवाडीत माझी २८ वर्षं गेली, बहुतेक सगळी सातारा जिल्ह्यात, आणि त्यातली पहिली सहा मीही हेच केलं. एका वर्षी स्नेहसंमेलनाला भिंतभर फुलपाखरं लावली होती. ३० च्या ३० सारखी, पंखांवर टिकल्यासुद्धा मोजून पाच-पाच. एक चार वर्षांची पोर आईचा हात धरून भिंतीसमोर उभी राहिली. आईनं विचारलं, "तुझं कुठलं गं?" तिनं सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. मलाही सांगता येईना. नावं मागच्या बाजूला होती, आणि फुलपाखरं पक्की चिकटवलेली. शेवटी तिनं सगळ्यात खालचं, हात पोचेल ते दाखवून टाकलं आणि आईला पुढे ओढलं.

त्या फुलपाखरांत मुलांचं असं काय होतं? टिकल्या. आकार माझा, रंग मी निवडलेला, टिकली कुठे लावायची तेही माझंच. मुलं माझ्याकडे मजुरीला होती म्हणा ना. तुमची मुलं दहा मिनिटांत पळतात ती खोडकर म्हणून नाही. त्यांच्या वाट्याचं काम तेवढंच असतं.

मी जो बदल केला तो एवढाच: नमुना दाखवायचा नाही, अडचण सांगायची. "आज आपण छत्री करूया" म्हटलं की छत्री कशी दिसते ते तुम्ही आधीच ठरवलेलं असतं. "ही बाहुली शाळेला निघालीय, बाहेर पाऊस आलाय, तिला भिजू न देता कसं पोचवायचं?" म्हटलं की ठरवायचं काम मुलांच्या गळ्यात पडतं. ठरवून बघणं, करणं, फसणं, पुन्हा काहीतरी जोडणं हे सगळं मग आपोआप येतं. तीन वर्षांच्या मुलालाही ते जमतं, फक्त त्याच्या हाताला झेपेल असं सामान समोर हवं.

छत्रीचंच पुढे सांगते, कारण तो नमुना तुमच्याकडे येणारच आहे. एका घमेल्यात बाहुली बसवा. चटईवर वर्तमानपत्र, जुन्या साडीचे तुकडे, पुठ्ठा, अळूचं किंवा केळीचं पान, झाडूच्या काड्या, आणि धुऊन कापून सपाट केलेल्या दुधाच्या पिशव्या ठेवा. कापून सपाट हे विसरू नका, अख्खी पिशवी एखादं पोर गंमत म्हणून तोंडावर ओढतं. पाऊस म्हणजे झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली. माझ्याकडे पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त मुलांनी कापड उचललं. का, विचारलं तर एक म्हणाला, "आई पदर घेते." बरोबरच आहे. मग पाऊस पाडला, कापड भिजलं, बाहुलीच्या केसांतून पाणी गळायला लागलं आणि वर्ग चिडीचूप. दुसरं कापड दुहेरी करून झालं, तेही भिजलं. अळूच्या पानावर पाणी पडून मोत्यासारखं घरंगळलं तेव्हा पुढची पंधरा मिनिटं बाहुलीला कुणी विचारलंच नाही, सगळे पानावर थेंब फिरवत बसले. फिरवू दिले. एका मुलीनं बाहुली उचलून टेबलाखाली ठेवली आणि म्हणाली, "आता नाही भिजत." ते उत्तरही मी बरोबर धरलं. ते बरोबर आहेच.

त्या तासाला फाइलमध्ये लावण्याजोगं काहीही तयार झालं नाही. फाइलचं पुढे बोलू.

आता एक प्रसंग जरा सावकाश सांगते, कारण मी स्वतः त्यातून शिकले. आमच्या भागात आषाढात बेंदूर असतो. विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येला पोळा, तसा आमच्याकडे बेंदूर. घरोघरी कुंभाराकडची मातीची बैलजोडी येते, त्यामुळे बैल कसा असतो हे मुलांना सांगावं लागत नाही. मी प्रत्येकाला त्याच्या दोन मुठी भरतील एवढा मातीचा गोळा दिला आणि म्हटलं, "तुमच्या घरचा बैल करा, पण तो या फळीवर उभा राहिला पाहिजे." उभा राहिला पाहिजे ही माझी अट. तीच अडचण.

मुलं बैल दोन तऱ्हांनी करतात. काही जण एकाच गोळ्यातून पाय, शिंगं, शेपूट ओढून काढतात. काही जण वेगवेगळे वळे करून गोळ्याला चिकटवतात. दुसऱ्या तऱ्हेत पाय गळून पडतात, कारण कोरड्या मातीला कोरडी माती धरत नाही. दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावला तर धरते. हे तंत्र मी आधी सांगत नाही. पाय दोनदा गळला की मगच शेजारी जाऊन बसते आणि माझ्या स्वतःच्या गोळ्यावर करून दाखवते, मुलाच्या गोळ्याला हात लावत नाही.

तर एका मुलीनं ओढूनच पाय काढले होते, पण बारीक, काडेपेटीतल्या काडीसारखे. फळीवर ठेवला की बैल हळूहळू फतकल मारायचा. तिनं तीनदा उभा केला, तिन्ही वेळा बसला. "पाय जाड कर गं" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, कसेबसे गिळले. शेजारच्या मुलानं आपल्या बैलाच्या पोटाखाली फुटक्या कौलाचा तुकडा सारला आणि त्याचा उभा राहिला. दुसऱ्यानं पाय इतके जाड केले की बैलाचा हत्ती झाला, पण हलेना. ही मुलगी दोघांकडे बघत होती. मला वाटलं आता हीही तुकडा मागणार. तिनं बैलाचे चारी पाय पोटाखाली दुमडले, मान जरा वळवली, आणि समोर गवताची दोन पाती ठेवली. म्हणाली, "रवंथ करतोय. उठवू नका."

माझी अट मोडली होती. पण बैल दिवसातला किती तरी वेळ बसलेलाच असतो, हे तिनं गोठ्यात बघितलेलं होतं आणि ते मला आठवलं नव्हतं. मी "पाय जाड कर" म्हटलं असतं तर तिनं निमूटपणे केले असते आणि २६ उभ्या बैलांत सत्ताविसावा उभा राहिला असता. तेव्हापासून मी ओठांवर आलेलं वाक्य गिळून मनात वीसपर्यंत आकडे मोजते. वीस मोजेपर्यंत निम्म्या वेळा मुलाचं काहीतरी सुरू झालेलं असतं.

आता हाताला काय झेपतं त्याचा अंदाज द्यायला हवा, नाहीतर अडचण अशी दिली जाते की मूल रडायला लागतं. अडीच-तीनला मूल खडू मुठीत धरतं, गिरगिटतं, आणि काढून झाल्यावर त्याला नाव देतं. आज तो साप, उद्या त्याच कागदावर आजी. म्हणून या वयाला "काय काढणार आहेस?" हा प्रश्न निरर्थक आहे, त्याला अजून ठाऊक नाही. तीनच्या आसपास गोल बंद होतो. मग त्या गोलालाच दोन पाय फुटतात, धड नाहीच. बेडकाच्या पिल्लासारखा तो माणूस जगभरची मुलं काढतात. त्याला पोट काढायला शिकवू नका, येतं ते. चौकोन साधारण साडेचारला, त्रिकोण पाचाला. नर्सरीत घराचं त्रिकोणी छप्पर कापून मागणं म्हणजे काय मागणं आहे ते यावरून ध्यानात येईल.

कात्रीच्या आधी फाडकाम. वर्तमानपत्र उभं सरळ फाटतं, आडवं वेडंवाकडं फाटतं, हे मुलांना स्वतःला सापडू द्या. पट्ट्या फाडत राहतात. दोन महिने भरपूर फाडलं, चिमट्यानं कापसाचे बोळे उचलले, मातीचे वळे केले की बोटं कात्रीला तयार होतात. पहिली कात्री लागते ती बोटभर रुंदीच्या जाड पट्टीला: एक कच आणि तुकडा खाली. रेघ नाही, आकार नाही. तो 'कच' हाच आनंद आहे, मुलं एका बैठकीत पन्नास तुकडे पाडतात. रेघेवरून कापणं चाराच्या पुढे. पातळ कागद देऊ नका, तो कात्रीत दुमडतो आणि मुलाला वाटतं आपल्याला येत नाही. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, आणि त्या कुणाच्याही घरी मिळतात. डावखुरं मूल असेल तर त्याचा हात बदलायच्या भानगडीत पडू नका, एक डावरी कात्री वेगळी ठेवा. उजवी कात्री डाव्या हातात कागद कापत नाही, चावते.

साहित्याचं म्हणाल तर ५०० रुपये पुरून उरतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यात, आधी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, बालवाड्या चालवल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि महागड्या साधनांच्या जागी भोवताली मिळेल त्यातून साधनं उभी केली. आपल्याकडच्या 'अंगणवाडी' या शब्दामागे ते काम आहे. आपण मात्र ऑनलाइन 'क्राफ्ट किट' मागवतो, ज्यात ससा कापूनच येतो.

माझी पहिली पसंती माती. कुंभाराशी ओळख काढा, घमेलंभर मळलेली माती तो आनंदानं देतो. शाडू दुकानात मिळते, मऊ असते, पण वाळताना तडकते. मळताना पिंजलेल्या कापसाची बारीक बारीक पिसं घातली तर तडे कमी जातात. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवली की महिनोन् महिने टिकते. मुलांनी केलेली प्रत्येक वस्तू वाळवून जपायची नसते. बहुतेक पुन्हा बादलीत जातात, आणि मोडायला मुलांना करण्याइतकंच आवडतं. ज्याला ठेवायची आहे त्याला विचारून ठेवा.

पावसाळ्यात माती वाळत नाही, तेव्हा मैद्याचा गोळा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, पाऊण वाटी कोमट पाणी थोडं थोडं घालत. पाणी एकदम ओतलंत तर चिकट लगदा होईल आणि तो २२ जणांच्या केसांत जाईल. रंगाला हळद, बिटाचा रस, पालकाचा रस. बिटाचा गुलाबी दोन दिवसांत मळकट होतो, तक्रार नाही. मीठ असल्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज राहतो. नुसती कणीक मळून देऊ नका, दुसऱ्या दिवशी आंबते आणि वास येतो. मीठ भरपूर आहे, तेव्हा तोंडात घालणाऱ्या मुलावर लक्ष हवं. एकदा चाटलं की पुन्हा सहसा चाटत नाहीत म्हणा.

चिकटवायला घरची खळ. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचा. पांढरा रंग जाऊन काचेसारखा दिसायला लागला की उतरवायचा. दोन दिवस टिकते, फ्रिजमध्ये पाच. पुस्तकबांधणीवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. कुणी हौशी पालक बांधणीवाल्याकडून तयार खळ आणून देतील, ती घेऊ नका, मोरचूद विषारी असतो. खळ बोटानं लावायची, ब्रशनं नाही. बोट चिकट झालेलं सहन न होणारी एक-दोन मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना शेजारी ओलं फडकं द्या, जबरदस्ती करू नका, महिन्याभरात सरावतात.

डाळ-तांदूळ चिकटवून चित्रं करणं मी बंद केलं. आमच्या वर्गात अशा घरची मुलं होती जिथं सांडलेला दाणा वेचून पुन्हा डब्यात जातो, आणि आम्ही तूरडाळीचे मोर करत होतो. एका आजीनं फाइल बघून काही न बोलता डाळीवरून बोट फिरवलं, तेवढं पुरलं. मग मैद्याचं काय, असं तुम्ही विचाराल. तिथं मी स्वतःला सूट दिली आहे. कीड लागलेला, चाळून घेतलेला मैदा किराणा दुकानदाराकडून घेते, एवढंच समर्थन. चिकटवायला शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, नारळाची किशी, कांद्याची सालं, मक्याच्या कणसाची पानं खूप आहेत. ठशांना भेंडी लागली तर जून झालेली, भाजीला न चालणारी घ्या. तिचा ठसा तसाही जास्त ठळक येतो.

सुरक्षिततेच्या सर्वसाधारण सूचना तुम्हाला प्रशिक्षणात मिळाल्या असतील, मी फक्त आपल्याकडच्या सांगते. गुंजा दिसायला सुंदर, लाल-काळ्या, कुणीतरी पालक हौसेनं आणून देतातच. त्या अतिशय विषारी आहेत आणि माळ करायला भोक पाडलं की धोका वाढतो. एरंडाच्या बिया, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, धोतऱ्याची फळं वर्गात नकोत. पानांचे ठसे घेताना मारुतीला वाहायची रुईची पानं कुणी आणतं, तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. शेंदूर आणि चुना रंग म्हणून वापरू नका. होळीचे उरलेले रंग नकोत. थर्माकोल मी वर्गाच्या दारात येऊ देत नाही, त्याचे दाणे नाकात जातात. बारीक वस्तूंसाठी एक अंदाज असा की छोट्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंद नळीनं होते, त्यात मावेल ते घशात अडकू शकतं असं धरतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्या नळीत मावतं. म्हणजे 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून आपण पोतंभर जमवतो ती झाकणंसुद्धा तुमच्या लहानांना नजरेखालीच द्यायची.

२२ मुलांचं कसं करायचं? सगळ्यांना एकदम नवीन काम द्यायचंच नाही. नवीन काम एका चटईवर पाच-सहा जणांना, तुम्ही तिथं बसलेल्या. बाकीच्यांना ओळखीची कामं: एका कोपऱ्यात ठोकळे, एकीकडे मैद्याचा गोळा, एकीकडे फाडकाम, व्हरांड्यात पाण्याची बादली आणि मोठे ब्रश. भिंत पाण्यानं रंगवायची, वाळली की पुन्हा. हे काम फुकट आहे आणि उन्हाळ्यात अर्धा तास पुरतं. मावशींना व्हरांड्याजवळ बसवा. चटईवरची मुलं उठली की दुसरी येतील. एका शुक्रवारी सगळी २२ होणार नाहीत. दोन शुक्रवार लावा. मुख्याध्यापिकांना आधीच सांगून ठेवा की एक काम दोन आठवडे चालेल. दुसऱ्या शुक्रवारी येणारी मुलं पहिल्यांचं बघून आलेली असतात, आणि तुमच्या नमुन्यापेक्षा शेजारच्या पोराचा फसलेला प्रयोग त्यांना जास्त शिकवतो.

सशाच्या जागी काय, हेही सांगून टाकते. कापसाचा ससा राहू दे, सशाला घर हवंय असं म्हणा. बुटांची खोकी, पुठ्ठ्याच्या नळ्या, सुतळी, खळ, फडकी. चिंधीचा किंवा लाकडी, कुठलाही एक ससा मध्ये ठेवा, म्हणजे मापाला येतो. दार करायचं मुलांना हमखास विसरतं. घर चारी बाजूंनी बंद होतं आणि मग ससा आत कसा जाणार यावर वाद पेटतो. पुठ्ठा कापायचं काम तुमचं, पण कुठे आणि केवढं कापायचं ते मुलानं बोटानं दाखवायचं, तुम्ही त्यानं सांगितल्या बरहुकूम कापायचं. माप चुकलं तरी. एकदा मी मुलानं दाखवलं तेवढंच, अंगठ्याएवढं दार कापून दिलं. त्यानं ससा लावून बघितला, नुसते कान आत गेले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही खिडकी झाली. आता दार काप." खोकी जोडताना खळ कमी पडते, वाळेपर्यंत धरून बसावं लागतं, तेव्हा सुतळीनं बांधणं किंवा कागदी चिकटपट्टी मुलांना स्वतःहून सुचली तर उत्तम, नाही सुचली तर सामानात दिसेल अशी ठेवा. सांगू नका.

फुलपाखराचं तेवढं काही जमत नाही मला. त्यातून अडचण निघत नाही. कागद दुमडून एका बाजूला रंगाचे थेंब, दाबून उघडायचा, काय दिसतंय ते मुलानं सांगायचं. कुणाला फुलपाखरू दिसेल, कुणाला फुटलेलं टोमॅटो. मुख्याध्यापिकांना फुलपाखरूच हवं असेल तर यातलं एखादं निघेल.

हळदीचा एक खेळ आहे, तो रिकाम्या तासाला हाताशी असू द्या. हळद पाण्यात कालवून कागदावर फासा आणि वाळवा. कापसाच्या बोळ्यानं साबणाचं पाणी लावून मुलांना चित्र काढू द्या. पिवळ्यावर लाल उमटतं. वरून लिंबू पिळलं की लाल जाऊन पुन्हा पिवळं. कपड्यांवरचे डाग धुतल्यावर लाल होतात ते यामुळेच, हे एका मुलानं आईला घरी जाऊन समजावलं होतं, असं आईनंच सांगितलं.

बोलायचं काय, यावर नवीन शिक्षिका अडखळतात. "वा, छान!" हे दर दोन मिनिटांनी म्हटलं की मुलं कामाकडे कमी आणि तुमच्या तोंडाकडे जास्त बघायला लागतात. "हे काय आहे?" पण नको, कारण गिरगिटलेल्या वयात त्याला उत्तर नसतं आणि मूल ओशाळतं. जे दिसतंय ते बोला: "इथं तू दोरी तीनदा गुंडाळलीस." किंवा विचारा, "कुठे अडलं?" आणि खरोखर मदत मागितली तर तेवढीच मदत करा, दोरीचं टोक धरा, गाठ मुलाला मारू द्या. सुटली तर सुटू द्या.

आता फाइल. पालकांना फाइल हवी असते, कारण मूल वर्गात काय करतं हे कळायला त्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. मी फाइल ठेवली, फक्त आतला माल बदलला. छत्रीच्या तासाचा एक फोटो, खाली तारीख आणि मूल जे बोललं ते जसंच्या तसं: "आई पदर घेते." फाडलेल्या पट्ट्या, कात्रीचे पहिले कच, खिडकी झालेल्या दाराचा पुठ्ठा. महिन्यातून दोन पानं पुष्कळ. वर्षाअखेर ही फाइल पालक ज्या तऱ्हेनं वाचतात, तशी सशांची कुणी वाचत नव्हतं. ससे बघायला पाच सेकंद लागायचे.

तरीही जूनच्या पालकसभेत दोघं-तिघं विचारतीलच, "पण बाई, शेजारच्या शाळेत किती सुंदर करून घेतात." वाद घालू नका. सगळ्यांना मातीचा एकेक गोळा द्या आणि सांगा, डाव्या हातानं बैल करा, डावखुऱ्यांनी उजव्या. पाच मिनिटांत हॉलमध्ये हसाहशी होते. मग एखाद्याच्या हातातून गोळा काढून घ्या, दोन बोटांनी झटकन सुबक शिंगं काढा आणि परत द्या. गोळा परत घेताना त्याचा चेहरा बघा. बाकीचं बोलायला फारसं उरत नाही. मी हे नेहमी वडिलांवर करते, आया आधीच ओळखतात.

पुढच्या शुक्रवारी लगेच सगळं बदलू नका. या आठवड्यात फक्त सामान जमवा. प्रत्येक घरून एक बुटाचं खोकं आणि पाच लग्नपत्रिका मागवा, कुंभाराकडे जाऊन या, खळ एकदा घरी शिजवून बघा, पहिल्या खेपेला ती हमखास तळाला लागते. कात्र्या पाचच घ्या, बोथट टोकाच्या, आणि त्यातली एक डावरी. दुकानदार डझनाचा भाव सांगेल. घेऊ नका, २२ कात्र्या एका वेळी चालू असलेला वर्ग मी एकदाच बघितला आहे, आणि त्या दिवशी माझी वेणी चार बोटं आखूड झाली.